हाडाची गोळी मागण्याआधी...

आमचं जवळा बाजार म्हणजे औंढा नागनाथ तालुक्यातलं मोठं गाव. नावातच बाजार! बाजाराच्या दिवशी आसपासच्या खेड्यांतल्या बायका येतात. भाजी, किराणा, लेकराची वही, सासूची चप्पल असं एकेक काम उरकतात आणि घरी निघायच्या आधी शेवटचं काम म्हणजे मेडिकल. काउंटरवर नोट ठेवायची आणि म्हणायचं, “दादा, ती हाडाची गोळी द्या बरं.” कोणी तिला ‘पांढरी गोळी’ म्हणतं, कोणी ‘शक्तीची’. मागणारी कधी पंचविशीतली असते, कधी पासष्टीतली. तक्रार मात्र सगळ्यांची एकच. कंबर धरलीय, पिंढऱ्या वळतायत, हाडं लई ठणकायलीत!

गोळी वाईट आहे असं मुळीच नाही. योग्य बाईनं, योग्य वेळी घेतली तर ती फार मोलाची आहे. पण किती घ्यायची, कशाबरोबर घ्यायची, किती दिवस घ्यायची आणि मुळात कशासाठी घ्यायची, हे चार प्रश्न घेणारीही विचारत नाही आणि देणाराही नाही. त्यातला शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आपल्या मराठवाड्यातल्या बायकांच्या बाबतीत तर तो विचारायलाच हवा. का, ते पुढं सांगते.

कणगी रिकामी होते, पण कळत नाही

आपल्या शरीरातलं ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असतं. उरलेलं एक टक्का रक्तात आणि इतर ठिकाणी. पण हा एक टक्का भारी कामाचा. हृदयाचे ठोके, स्नायूंची हालचाल, रक्त गोठणं, सगळं त्यावर चालतं. म्हणून रक्तातलं कॅल्शियम जरा कमी व्हायला लागलं, की शरीर हाडांच्या कणगीत हात घालतं आणि तिथलं काढून रक्तात देतं. घरात रोज भाकरी होतेय, म्हणून कणगी भरलेलीच आहे असं थोडंच असतं? तसंच रक्ताच्या रिपोर्टात ‘कॅल्शियम नॉर्मल’ आलं म्हणजे हाडं भक्कम, असा अर्थ होत नाही.

ही कणगी भरायचे दिवस म्हणजे बालपण आणि तरुणपण, फार तर तिशीपर्यंत. पुढं असलेलं टिकवायचं. बाईच्या अंगातलं इस्ट्रोजेन हे संप्रेरक हाडांची राखण करतं. पाळी थांबली की हा राखणदार जातो आणि पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज झपाट्यानं होते.

आणि मैत्रिणींनो, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही, की हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत! ऑस्टिओपोरोसिस हा मुका आजार आहे. मनगट, मणका नाहीतर खुबा मोडतो, तेव्हाच तो बोलतो. म्हणजे बघा, जिचं अंग दुखतं ती गोळी मागते आणि जिची हाडं खरोखर आतून पोखरतायत, ती काहीच मागत नाही. सगळा घोटाळा इथं आहे.

गोळीच्या पाकिटावर काय लिहिलंय?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये नवीन प्रमाण ठरवून दिलं. मोठ्या बाईला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम, बाळाला अंगावर पाजणारीला आणि पाळी थांबलेलीला १२००. आधीच्या, २०१० च्या तक्त्यात साधारण बाईसाठी हाच आकडा ६०० होता. हे प्रमाण दिवसभराचं, म्हणजे जेवणखाण धरून. सगळंच्या सगळं गोळीतून घ्यायचं नाही. जेवणातून जेवढं कमी पडतं, तेवढ्यापुरतीच गोळी.

पाकिटावर ‘कॅल्शियम कार्बोनेट १२५० मिलिग्रॅम’ असं मोठ्या अक्षरात असतं. त्यात प्रत्यक्ष कॅल्शियम ५००च असतं, कारण कार्बोनेटमध्ये कॅल्शियमचा वाटा ४० टक्के. सायट्रेट असेल तर तो साधारण एक पंचमांश. शिंपल्याचं, प्रवाळाचं म्हणून जे महाग विकतात, तेही मुळात कार्बोनेटच. तेव्हा डबीवरच्या चित्राला भुलू नका, आकडा वाचा. आणि झिंक, मॅग्नेशियम अशी दहा खनिजं एकाच गोळीत आहेत म्हणून जास्त पैसे मोजण्याआधी थांबा. ज्वारी, डाळी, शेंगदाणे, तीळ यांतून मॅग्नेशियम मिळतंच.

कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर किंवा जेवणानंतर लगेच घ्यावी. ती पचायला पोटातलं आम्ल लागतं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर घेतलं तर शरीर त्यातलं कमीच शोषून घेतं, म्हणून दोन वेळा विभागून घ्यायची. लोहाची गोळी आणि ही गोळी एकत्र कधीच नको, दोन तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी चालू असेल तर चार तासांचं. कित्येक घरांत सकाळी चहाबरोबर लोह, कॅल्शियम, थायरॉइड असा सगळा मेळा एका घोटात जातो. मग गोळ्या घेऊनही गुण येत नाही, यात नवल काय?

फुकट मिळते ती पेटीत राहते

कॅल्शियमची गोळी ज्यांनी चुकवूच नये, अशा बायका म्हणजे गर्भार आणि बाळंतीण. केंद्र सरकारनं २०१४ मध्ये यासाठी सूचना काढल्या. चौथ्या महिन्यापासून, म्हणजे चौदा आठवड्यांनंतर बाळंत होईपर्यंत आणि पुढं बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत रोज दोन गोळ्या. एका गोळीत ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि सोबत ड जीवनसत्त्व. हिशेब ७२० गोळ्यांचा, अर्ध्या पोटुशीपणी आणि अर्ध्या बाळंतपणानंतर. सरकारी आरोग्य केंद्रातून त्या विनामूल्य द्यायच्या आहेत. यामागं फक्त हाडं नाहीत. ज्यांच्या जेवणात कॅल्शियम कमी असतं, अशा बायकांमध्ये गर्भारपणी रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका या गोळीनं कमी होतो. जागतिक आरोग्य संघटनाही हेच सांगते. हा आई आणि बाळ दोघांच्या जिवाचा प्रश्न आहे.

पण गावात काय दिसतं? गोळ्यांची पाकिटं पेटीत, कपाटावर, देवळीत तशीच पडलेली. विचारलं की उत्तरं ठरलेली. “मोठी हाय, गिळत न्हाई.” “पोट साफ होत न्हाई.” “सासूबाई म्हणल्या, बाळ लई मोठं होतं, मग बाळंतपण अवघड जातं.” यातलं शेवटचं खोटं आहे. पहिल्या दोन तक्रारी मात्र खऱ्या. त्यावर उपायही साधे. गोळी अर्धी मोडून घ्या, पाणी भरपूर प्या, जेवणात पालेभाजी वाढवा आणि तरी त्रास होत असेल तर नर्सताईला सांगा. पण सोडू नका. बाजारात पैसे देऊन गोळी आणणारी आणि फुकट मिळालेली पेटीत ठेवणारी, कधी कधी एकाच घरातल्या सासू-सून असतात!

‘पिशवी’चा प्रश्न

आता तो मोठा प्रश्न. आमच्या गटातली एक ताई, वय ३६. हळद काढणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरला, हातावर पडली आणि मनगट मोडलं. डॉक्टर म्हणाले, एवढ्याशा पडण्यानं या वयात हाड मोडायला नको. मी सोबत होते. डॉक्टरांनी विचारलं, “पाळी नियमित येते का?” ती म्हणाली, “पाळी कुठली डॉक्टरसाहेब? पिशवी काढून आठ वर्षं झाली.” का काढली? पांढरं जायचं, कंबर दुखायची. काढली नाही तर कॅन्सर होईल, असं तिला सांगितलं होतं. पिशवीबरोबर अंडाशयही काढले का, यावर ती माझ्याकडं बघायला लागली. “ते काय असतंय, ताई?”

ऑपरेशनचा कागद तिच्याकडं नव्हता. सोनोग्राफी केली तेव्हा दोन्ही अंडाशय दिसले नाहीत. म्हणजे अठ्ठाविसाव्या वर्षीच ती पन्नाशीच्या बाईच्या अवस्थेला पोचली होती आणि आठ वर्षं तिची कणगी उपसत राहिली. अधूनमधून ती ‘हाडाची गोळी’ घेतही होती, दुखलं की दहा-पंधरा दिवस! कमी वयात अंडाशय गेले असतील तर नुसत्या कॅल्शियमवर भागत नाही. हार्मोनचे उपचार द्यायचे का, हाडांसाठी वेगळं औषध लागेल का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून ठरवायचं असतं. तिचे उपचार आता रीतसर सुरू आहेत. पण त्या आठ वर्षांत हे तिला कोणीच सांगितलं नाही.

ही एकटीची कहाणी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्या जातात, याचा २०१९ मध्ये गाजावाजा झाला. राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. त्या वेळी पाहणी झालेल्या ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे साधारण सहा जणींमागं एक! उसाच्या फडात पाळीची अडचण नको, खाडा पडला तर दंड नको आणि वरून कॅन्सरची भीती. पुढं ५ एप्रिल २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं एका जनहित याचिकेवर आदेश दिला, की गरज नसताना होणाऱ्या अशा शस्त्रक्रिया रोखण्यासाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी तीन महिन्यांत लागू कराव्यात.

कायदा, समित्या आपल्या जागी. पण ज्यांची पिशवी आधीच गेली, त्यांच्या हाडांचं काय? पिशवी काढताना अंडाशय ठेवले असतील तर हाडांची राखण बरीचशी चालू राहते, पण तेही काही जणींत ठरल्या वेळेच्या आधी थकतात. दोन्ही काढले असतील तर झीज त्या दिवसापासूनच सुरू. आणि ती दुखत नाही, हे लक्षात ठेवा.

आणखी एक. पांढरं जाणं हे सहसा औषधानं बरं होतं. तेवढ्या कारणावर कोणी ‘पिशवी काढा’ म्हटलं, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका.

मग अंग कशानं दुखतं?

हाडं ठिसूळ होताना दुखत नाहीत, तर एवढ्या बायका कण्हतात कशानं? कारणं बरीच आहेत. पहिलं, रक्त कमी असणं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ या काळात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांत रक्तक्षय आढळला. निम्म्याहून जास्त! थकवा, धाप, अंग मोडून येणं, हे त्याचंच. त्याला लोह लागतं, कॅल्शियम नव्हे. दुसरं, काम. वाकून सोयाबीन कापणं, हळद वेचणं, डोक्यावर ओझं, दिवसभर उकिडवं बसणं. यानं कंबर आणि गुडघे दुखणारच. त्याला विश्रांती आणि व्यायाम लागतो.

तिसरं, ड जीवनसत्त्व. हे नसेल तर खाल्लेलं कॅल्शियम अंगी लागत नाही, हाडं मऊ पडतात आणि मग मात्र ती दुखतातही. ते कातडीत उन्हानं तयार होतं, तेही साधारण दहा ते तीनच्या उन्हात. कोवळ्या उन्हाचा त्यासाठी फारसा उपयोग नाही. शेतातल्या बाईला ऊन मिळतं, पण दारं लावून बसणाऱ्या सुनेला आणि अंथरुणावरच्या आजीला ते कुठून मिळणार?

काही गावांत दोष पाण्याचा असतो. चंद्रपूर, यवतमाळच्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. ते लिटरला दीड मिलिग्रॅमच्या वर असेल आणि वर्षानुवर्षं पोटात जात असेल, तर दातांवर डाग पडतात, सांधे आणि पाठ आखडते. तिथं आधी पाणी बदलावं लागतं.

जास्त घेतलं तर जास्त भक्कम?

नाही! ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टर सहसा आठवड्याला एक, तीही ठराविक आठवडेच देतात. गुण आला म्हणून ती रोज घेतली तर रक्तातलं कॅल्शियम बेसुमार वाढतं. उलट्या होतात, पोट साफ होत नाही, मूत्रपिंडावर ताण येतो. कॅल्शियमचंही तसंच. अमेरिकेत पाळी थांबलेल्या ३६,२८२ बायकांवर मोठा अभ्यास झाला, तो २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट सगळ्यांना कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व दिल्यानं खुब्याच्या हाडाची घनता थोडी सुधारली, पण खुबा मोडण्याचं प्रमाण ठळकपणे कमी झालं नाही. मूतखडे मात्र वाढले. म्हणून ज्यांना पूर्वी मूतखडा झालाय, त्यांनी विचारल्याशिवाय गोळी घेऊच नये.

मोबाइलवर ‘गव्हाच्या दाण्याएवढा चुना खा’ असा सल्ला फिरत असतो. चुन्यात कॅल्शियम असतं, पण तो दाहक आहे. तोंड, घसा, जठर भाजू शकतं. शिवाय आपल्याकडं चुना तंबाखूच्या हातात हात घालून येतो. तंबाखू आणि मिशरी हाडांच्याही वैरी आहेत, हे मिशरी लावणाऱ्या आज्यांना आणि मावश्यांना सांगायला हवं.

मोफत हाडांच्या तपासणीची शिबिरंही भरतात. टाच यंत्रात ठेवायची, आकडा निघतो आणि लगेच औषधाची बाटली पुढं येते. टाचेच्या तपासणीनं फार तर अंदाज येतो. निदानासाठी कंबर आणि खुब्याची ‘डेक्सा’ तपासणी लागते आणि ती मोठ्या शहरात होते. शिबिरातला आकडा कमी आला तर घाबरून बाटली घेऊ नका, कागद घेऊन डॉक्टरांकडं जा.

आपल्या चुलीजवळचं

हाडांवरच्या कुठल्याही लेखात नाचणी असतेच. नाचणी उत्तमच. १०० ग्रॅममध्ये साडेतीनशेच्या आसपास मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. पण ती आपल्याकडं पिकत नाही, विकतच आणावी लागते. आपली ज्वारी पोटभरीची, पण कॅल्शियम त्यात थोडंच. मग आपल्याकडं काय आहे? तीळ! १०० ग्रॅम तिळात हजाराच्या वर मिलिग्रॅम. दोन मोठे चमचे तिळाची चटणी रोज खाल्ली तर दोनशेच्या आसपास जमा. सगळंच अंगी लागत नाही, पण रोजचं थोडंही थोडं नाही. तीळ भाजून कुटून घ्यावेत, अख्खे तसेच बाहेर पडतात. आपण त्यांना संक्रांतीपुरते आणि भोगीच्या भाकरीपुरते का ठेवतो?

दारातल्या शेवग्याच्या आपण शेंगाच खातो, पाला शेळीला जातो. त्या पाल्यात १०० ग्रॅमला तीनशेच्या वर कॅल्शियम आहे. डाळ घालून भाजी करा नाहीतर थालीपिठात घाला. पालक चांगला, पण त्यातल्या ऑक्झलेटमुळं त्याचं कॅल्शियम फारसं मिळत नाही.

आणि दूध. एका मोठ्या पेल्यात साधारण ३०० मिलिग्रॅम. दही, ताकही चालतं. पण म्हशीचं धार काढणं, चारा, शेण सगळं बाईनं करायचं आणि दूध जायचं डेअरीला. राहिलेलं लेकरांना आणि पुरुषांना. तिच्या वाट्याला चहातलं चमचाभर! घरातल्या वयात येणाऱ्या मुलीलाही हाच हिशेब लागतो, आणि तिचीच तर कणगी भरायची असते. तिचा एक पेला डेअरीच्या कॅनमध्ये ओतण्याआधी बाजूला काढा. तिशीनंतर हे नुकसान पुरतं भरून निघत नाही.

म्हणून मैत्रिणींनो, पुढच्या वेळी गोळी घ्यावीशी वाटली की आधी स्वतःलाच विचारा. मी गर्भार किंवा पाजणारी आहे का? माझी पाळी थांबलीय का? पिशवी काढली असेल तर अंडाशय आहेत का? थोड्याशा पडण्यानं कधी हाड मोडलंय का? यातल्या एकाचंही उत्तर ‘हो’ किंवा ‘माहीत नाही’ असेल तर डॉक्टरांना गाठा, काही दुखत नसलं तरी. सगळी उत्तरं निश्चित माहीत असतील आणि धोक्याचं काहीच नसेल, पण अंग दुखत असेल, तर आधी रक्त तपासून घ्या.

आमच्या गटाच्या बैठकीत आता कर्जाच्या हप्त्यांबरोबर हाही विषय निघतो. पिशवी काढलेल्या बायकांना आम्ही डिस्चार्ज कार्ड शोधायला सांगतो. ज्यांना सापडत नाही, त्यांनी ऑपरेशन झालेल्या दवाखान्यात अर्ज करून नक्कल मागायची. आपल्या आजाराचे कागद मागणं हा रुग्णाचा हक्क आहे, ती कोणाची मेहेरबानी नाही. सातबारा, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक आपण पत्र्याच्या पेटीत जपून ठेवतो. तो कागदही त्याच पेटीत ठेवा. आपल्या हाडांचा सातबारा समजा त्याला!